चिखलात उभी असलेली बोट

मला वाटलं होतं बोट पाण्यात असेल. दादाने फोनवर तसंच सांगितलं होतं, "पाण्यातच असते गं, घरापासून चालत दहा मिनिटं." आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि त्याची बोट राखाडी चिखलात दोन पायांवर उभी होती, दुपारच्या वेळी तळ्याकाठी डुलक्या काढणाऱ्या बदकासारखी.

दोन पाय म्हणजे दोन कील. बहुतेक शिडाच्या बोटींना पोटाखाली एकच लांब कील असते. पाणी ओसरलं की अशी बोट कुशीवर कलंडते. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर खाड्या उथळ आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा. म्हणून 1970 च्या दशकात इथे दोन कीलच्या छोट्या बोटी खूप निघाल्या. पाणी गेलं तर चिखलात सरळ उभ्या राहतात, आले की पुन्हा तरंगतात. दादाची बोट त्यातलीच, सव्वीस फुटी, फायबरग्लासची, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

मी बडोद्याची. आमच्या चार पिढ्या तिथेच गेल्या. समुद्र म्हणजे आमच्यासाठी वर्षातून एकदा दमणची सहल. दादा नोकरीसाठी इंग्लंडला गेला त्याला तीस वर्षं होतील. तो गॉस्पोर्टला राहतो. पोर्ट्समथला आपले पर्यटक बरेच येतात, नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज बघतात, 170 मीटर उंच स्पिनेकर टॉवरवर चढून फोटो काढतात आणि लंडनला परत जातात. बंदराच्या पलीकडच्या काठावरच्या गॉस्पोर्टला सहसा कोणी येत नाही. एवढं मोठं गाव, पण रेल्वे स्टेशन नाही. प्रवासी गाड्या 1953 मध्येच बंद झाल्या. त्यामुळे येण्याजाण्याला फेरीबोट. चार मिनिटांत पलीकडे. सकाळी सायकली हातात धरून उभी असलेली माणसं बघून मला आपल्याकडची लोकल आठवली, फक्त इथे कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

मी पंधरा दिवसांसाठी गेले होते. मनात होतं की फिरायचं, आयल ऑफ वाइट बघायचं, वहिनींच्या हातचं खायचं. त्यातले बरेचसे दिवस मी गुडघ्यांवर बसून, तोंडाला मास्क लावून, बोटीच्या पोटात काढले. आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

झालं असं की मागच्या सप्टेंबरात दोघं बोट घेऊन निघाले होते. वारा वाढला, बोट कलली आणि आतल्या केबिनमधलं भिंतीचं पॅनल सुटून वहिनींच्या खांद्यावर आलं. हातात चहाचा थर्मास होता. भाजलं थोडंच, पण त्या दिवसापासून वहिनींनी बोटीवर पाय ठेवला नाही. "विका ती," एवढंच म्हणायच्या. दादाची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. त्याला एकट्याने बोट न्यायला डॉक्टरांची हरकत नसली तरी वहिनींची होती. म्हणजे वहिनी येणार नाहीत, तर बोट जाणार नाही. एका पॅनलपायी सगळं अडलेलं.

"चार स्क्रू तर आहेत," दादा म्हणाला. "दोन दिवसांचं काम."

फायबरग्लास म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं, नाव माहीत नसलं तरी. गच्चीवरच्या काही टाक्या, बागेतली घसरगुंडी, कोकणातल्या हल्लीच्या कितीतरी मासेमारी होड्या. काचेच्या बारीक तंतूंची चटई साच्यात अंथरायची, त्यात रेझिन मुरवायचं, थरावर थर द्यायचे, वाळलं की साच्यातून कवच बाहेर काढायचं. बाहेरून गुळगुळीत, आतून खरबरीत. ते खरबरीत अंग झाकायला आत प्लायवुडची पातळ पॅनल लावतात, वर रेक्झिन. पण प्लायवुड थेट कवचाला ठोकता येत नाही, कवच एक सेंटिमीटरसुद्धा जाड नसतं. स्क्रू आरपार गेला तर समुद्र आत. म्हणून आधी कवचाला आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात आणि पॅनल त्या पट्ट्यांना स्क्रूने बसवतात.

पट्टी लाकडाची, कवच काचेचं. लाकूड दमटपणाने फुगतं, आकसतं. काच तसं करत नाही. वर बोट लाटांवर चालते तेव्हा कवच थोडं थोडं वाकतं. पन्नासेक वर्षं हे चाललं की कुठेतरी सांधा सुटतोच.

पॅनल उतरवण्याआधी मी सहज बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक केलं. एका टोकाला भरीव आवाज, मधे पोकळ, पुढच्या टोकाला काहीतरी खुळखुळ. दादा माझ्याकडे बघत राहिला. "बाबा," तो म्हणाला.

आमचे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. नॅरोगेजच्या डब्यांच्या लाकडी पॅनलांची कामं त्यांच्याकडे असायची. घरीसुद्धा कपाटाचं दार कुरकुरलं की ते आधी ठोकून ऐकायचे, मग स्क्रूड्रायव्हर घ्यायचे. आमच्या घरात कोणत्याही सैल स्क्रूवर एकच इलाज असे: भोकात आगकाडी, वर थेंबभर फेविकॉल, मग स्क्रू. तुमच्याही घरी हेच होत असणार.

पहिला स्क्रू मी फिरवला तर तो नुसताच गरगर फिरला, वरही येईना. पॅनल ओढलं तसा तो हातातच आला आणि त्याच्याबरोबर काळ्या पडलेल्या, लगदा झालेल्या तीन आगकाड्या.

"तू?" मी विचारलं.

"गेल्या वर्षीच घातल्या होत्या," दादा ओशाळून म्हणाला. "एक मोसमसुद्धा टिकल्या नाहीत."

घरात टिकतात कारण घर कोरडं असतं. बोटीत फेविकॉल ओल खातो, काडी कुजते. हे दादालाही कळत होतं. इंजिनिअर माणूस. पण हात आपोआप तिकडे गेला, तो म्हणाला.

पॅनल बाजूला ठेवलं आणि कामाचा अंदाज बदलला. पट्टीचा वरचा भाग काळपट आणि ओला होता, नखाने दाबलं तर खड्डा पडत होता. कवचावरून एक तपकिरी ओघळ खाली आलेला. त्याचा माग घेत वर गेलं तर तो थेट डेकच्या खालच्या बाजूला पोचत होता. तिथे मास्टला, म्हणजे डोलकाठीला, बाजूने ताणून धरणाऱ्या तारेचा बोल्ट डेकमधून आरपार आत आलेला होता. नट गंजाने फुगलेले. बोल्टभोवतीचं सीलंट कधीच कडक होऊन तडकलेलं. पावसाचं आणि लाटांचं पाणी तिथून थेंब थेंब आत येत होतं, पट्टीत मुरत होतं. पॅनल सैल झालं ते त्यामुळे.

दादा बराच वेळ टॉर्च धरून तिथेच बसला. तार सुटली तर काठी पडते. काठी वाऱ्यात पडली तर काय होतं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खांद्यावर पॅनल पडलं ते एका अर्थी बरंच झालं, असं मात्र मला वाटून गेलं. वहिनींना त्या रात्री जेवताना त्याने सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो लपवील. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि दुसऱ्या बाजूचा बोल्ट?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचंही पॅनल उतरवलं. तिथला बोल्ट बरा होता, पण त्याचीही वेळ जवळ आलेली. म्हणजे कामाचा क्रम उलटा झाला. आधी बोल्ट, मग वाळवण, मग पट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी चार स्क्रू.

बोटीच्या सामानाच्या दुकानासाठी फेरीने पलीकडे गेलो. बंदर ओलांडताना दादाने बोट दाखवून म्हटलं, "इथे आपलं जहाज असायचं." मला कळेना. मग त्याने सांगितलं. 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाचं 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज इंग्रजांच्या नौदलासाठी बांधलं. तेच जहाज पुढे 'फूड्रॉयां' या नावाने 1932 पासून अर्ध्या शतकाहून जास्त काळ या बंदरात नांगरून होतं, मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी. आता ते उत्तरेला हार्टलपूलला आहे, दुरुस्त होऊन, मूळ नावाने, आणि अजून तरंगतं आहे. चार मिनिटांची फेरी, त्यात मी अख्खी मुंबईची गोदी फिरून आले. सागवानाला दोनशे वर्षं झाली आणि आमची काचेची बोट पन्नाशीतच कुरकुरते, हे मी म्हटलं, तर दादा म्हणाला, "त्यांनी दर काही वर्षांनी किती लाकूड बदललं असेल ते विचार."

बोल्टचं काम दादाने स्वतः केलं, मी खालून पाना धरला. एका वेळी एकाच बाजूची तार सैल करायची, आणि त्याआधी शीड चढवायचा दोर त्या बाजूला ताणून बांधायचा, म्हणजे काठीला आधार राहतो. जुना बोल्ट काढला, भोकाच्या कडा खरवडून, वाळवून, त्यात इपॉक्सी भरून नव्याने भोक पाडलं, म्हणजे डेकच्या आतल्या थरात पाणी शिरणार नाही. नवा स्टेनलेस बोल्ट, भोवती ब्युटिलची चिकट टेप, आणि आतून पूर्वीच्या चिमुकल्या वॉशरऐवजी तळहाताएवढी स्टेनलेस पट्टी. ताण एका बिंदूवर न येता पसरावा म्हणून. नट आवळताना टेप कडांनी बाहेर येते, काळ्या चुइंगमसारखी. ती तशी आली की समजायचं, बसलं नीट.

मग तीन दिवस काहीच करायचं नव्हतं. केबिनमध्ये दमटपणा शोषणारं यंत्र लावून ठेवलं आणि त्याचं भांडं रोज रिकामं केलं. पहिल्या दिवशी दीड लिटर पाणी निघालं. तेवढं पाणी त्या भिंतींत, गाद्यांत, लाकडात बसलेलं होतं. या तीन दिवसांत मी गॉस्पोर्ट पायी पालथं घातलं. फोर्टन लेक नावाची खाडी आहे, 'लेक' म्हणतात पण तळं नव्हे. ओहोटीला तिच्या चिखलात जुन्या लाकडी नावांचे सांगाडे वर येतात, बरगड्यांसकट. पलीकडे प्रिडीज हार्ड, नौदलाचं जुनं दारूगोळ्याचं कोठार, आता संग्रहालय. मला मात्र भरती बघायचाच नाद लागला. इथली भरती सात तास सावकाश चढते आणि ओहोटी पाचेक तासांत भरभर उतरते. आधी चिखलातल्या चरांतून पाण्याची जीभ येते, मग बगळे मागे सरतात, मग एकेक बोट अंग झटकल्यासारखी हलते आणि तरंगू लागते.

पट्ट्यांचं काम सर्वांत वाईट. सुटलेली पट्टी काढल्यावर कवचाला जुन्या रेझिनचे कंगोरे राहतात, ते घासून काढावे लागतात. त्या धुळीत काचेचे तंतू असतात. खाजकुयली अंगाला लागली तर काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. लांब बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा, आणि नंतर गार पाण्याने अंघोळ. गरम पाणी घेतलंत तर रात्रभर खाजवत बसाल, हे दादाने सांगितलं आणि मी ऐकलं नाही.

घासलेली जागा अ‍ॅसिटोनने पुसली. नव्या पट्ट्या कापल्या, त्यांना चारही बाजूंनी इपॉक्सीचा हात दिला, म्हणजे पुन्हा ओल खाणार नाहीत. मग इपॉक्सीत पांढरी सिलिकाची पूड मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट केलं. पातळ ठेवलं तर उभ्या भिंतीवरून ओघळतं. मे महिना लागला होता तरी सकाळी दहा-बारा अंश. एवढ्या गारठ्यात इपॉक्सी जागचं हलत नाही, म्हणून वहिनींची गरम पाण्याची रबरी पिशवी मागून आणली आणि डबे तिच्यावर ठेवले. दुपारी उलटी तऱ्हा. मी उत्साहाने एकदम मोठं भांडं भरून मिसळलं, ते आपल्याच उष्णतेने तापलं, धुरकटलं आणि हातात दगड झालं. तेव्हापासून दह्याच्या छोट्या डब्यांत, जेवढं दहा मिनिटांत संपेल तेवढंच.

पट्टी चिकटवली की ती वाळेपर्यंत दाबून कोण धरणार? समोरच्या भिंतीपासून काठ्यांचा टेकू. केबिनभर आडव्यातिडव्या काठ्या, आणि आम्ही दोघं त्यांच्यात अडकून बसलेलो. हलायचं नाही, काठी सरकली तर सगळं पुन्हा. तिथे, तसं बसलेलं असताना दादा बाबांबद्दल बोलला.

बाबा गेले 2021 च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. इंग्लंडने भारताला 23 एप्रिलला रेड लिस्टमध्ये टाकलं होतं. दादा आला असता तरी पोचेपर्यंत काही उरलं नसतं. त्या दिवसांत आम्हालाही दुरूनच बघावं लागलं. मी फोन हातात धरून उभी होते आणि पलीकडे दादा. चार वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो नव्हतो. मी बोलले नव्हते, हे जास्त खरं. माझा त्याच्यावर राग होता. उगाचच होता हे मला माहीत होतं, तरी होता.

"फोन मधेच का बंद केलास?" त्याने विचारलं.

"बॅटरी गेली," मी म्हटलं. मग जरा वेळाने खरं सांगितलं. "तू रडत होतास. मला दोघांकडे बघवेना."

तो काही बोलला नाही. एक काठी सरकायला लागली होती, ती त्याने पायाने दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर आलेला मेणचट थर साध्या पाण्याने आणि घासणीने धुतला. ज्या पट्ट्या जागेवर घट्ट होत्या पण भोकं मोठी झाली होती, तिथे भोक अजून मोठं पाडून इपॉक्सीने बुजवलं आणि वाळल्यावर मधोमध नवं बारीक भोक. ड्रिलच्या टोकापासून बारा मिलिमीटरवर लाल टेप गुंडाळलेली. टेप लाकडाला टेकली की थांबायचं. पलीकडे समुद्र आहे. स्क्रू स्टेनलेसचे, आखूड, डोक्याखाली वाटीसारखा वॉशर, आट्यांना थोडं मेणबत्तीचं मेण. मी विचारलं, एवढा त्रास कशाला, पॅनल सरळ चिकटवूनच टाक ना? दादा म्हणाला, मग तो बोल्ट परत दिसणार कसा? छताचे हलके तुकडे मात्र आम्ही वेल्क्रोवर लावले.

पॅनलच्या खालच्या कडेला बोटभर फट मुद्दाम ठेवली, हवा खेळायला. दिसायला तितकं बरं नाही. राहू दे.

शनिवारी सकाळी भरती होती. वहिनी आल्या. त्यांनी आधी पॅनलवर हात ठेवला, मग चांगला जोर लावून ओढलं, मग दुसऱ्या बाजूचं ओढलं. "थर्मास मी धरणार नाही," म्हणाल्या आणि बसल्या.

पोर्ट्समथ बंदराच्या तोंडाशी लहान बोटींना पश्चिमेच्या कडेने, वेगळ्या मार्गाने, इंजिन चालू ठेवून जावं लागतं. बाजूने अवाढव्य फेरीजहाजं निघतात. बाहेर पडल्यावर दादाने शीड उभारलं, इंजिन बंद केलं. समुद्रात बांधलेले गोल दगडी किल्ले डाव्या-उजव्या हाताला सरकत गेले. फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांनी ते एकोणिसाव्या शतकात बांधले आणि लढाईची वेळ कधी आलीच नाही. वारा चढला, बोट कलली. मी कान देऊन बसले होते. दोर वाजत होते, पाणी वाजत होतं, खालच्या कपाटात कपबशा वाजत होत्या. पॅनलचा आवाज नव्हता.

दोन तासांनी आयल ऑफ वाइटच्या पूर्व टोकाला बेंब्रिजला पोचलो. आत शिरायचा मार्ग उथळ, भरतीलाच जाता येतं. काठाने ओळीने हाउसबोटी, कुंड्यांत फुलं. दुपारी पाणी ओसरलं आणि बोट वाळूवर टेकली, एक हलका धक्का, मग दुसरा, आणि उभी राहिली. मी चपला हातात घेऊन खाली उतरले, बोटीभोवती चालत एक चक्कर मारली.

परत वर आले तेव्हा दादा पालथा पडून पॅनलच्या फटीतून हात आत घालत होता. निघण्यापूर्वी त्याने बोल्टखाली टिश्यू पेपरची घडी चिकटवून ठेवली होती. पाणी आलं असतं तर तिच्यावर डाग उमटला असता. घडी बाहेर काढून त्याने आधी वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, गालाला लावली आणि चहाचं पाणी ठेवायला उठल्या.